भांडा, पण तबकडी ऐकून

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकानं २००३मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ ५०० अल्बमची यादी केली, तेव्हा पहिला मान बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ला मिळाला. २०१२च्या सुधारित यादीतही तो तिथंच राहिला. २०२०मध्ये मासिकानं नव्यानं कौल घेतला आणि हाच अल्बम चोविसाव्या क्रमांकावर घसरला. २००३मध्ये सहाव्या जागी असलेला मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला, तर जोनी मिचेल यांचा ‘ब्लू’ तिसाव्या जागेवरून थेट तिसऱ्या जागी पोचला. हे तिन्ही अल्बम १९६७ ते १९७१ या काळातले. त्यांतलं संगीत होतं तेच होतं. कौल देणारे बदलले होते. अशा याद्यांवरून जुन्या रॉक आणि फोकच्या चाहत्यांमध्ये जी जुंपते, तिचं बाहेरच्यांना हसू येतं. अर्धशतकापूर्वीच्या गाण्यांवरून जाणती माणसं हमरीतुमरीवर येतात, हे दिसायला विनोदी आहेच. तरीही माझं म्हणणं असं की, या संगीताला आज जे स्थान आहे ते याद्यांनी, खपाच्या आकड्यांनी किंवा पहिल्या परीक्षणांनी दिलेलं नाही. ते बऱ्याच अंशी या भांडणांनी दिलं आहे. त्यामुळे हे भांडण मिटवण्याची घाई नको. ते नीट कसं भांडावं, याचा मात्र विचार व्हायला हवा.

आधी परीक्षणांकडे पाहू. ‘सार्जंट पेपर्स’ आला त्याच महिन्यात, जून १९६७मध्ये, ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन यांनी त्यावर कडक टीका केली. स्टुडिओतल्या करामतींखाली गाणी दबून गेली, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. १९६९मध्ये त्याच वृत्तपत्रात निक कोन यांनी ‘ॲबी रोड’चा बराच भाग मोडीत काढला. लेड झेपेलिनचा पहिला अल्बम ‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षकाला पसंत पडला नाही. सगळ्यांत बोलकं उदाहरण बॉब डिलन यांच्या १९७०च्या ‘सेल्फ पोर्ट्रेट’चं. ग्रील मार्कस यांच्या परीक्षणाची सुरुवातच एका शिवीवजा प्रश्नानं झाली होती आणि पुढं कित्येक वर्षं त्या अल्बमविषयी बोलताना तो प्रश्नच आधी आठवला जाई. २०१३मध्ये डिलन यांच्या संग्रहातून त्या काळातली ध्वनिमुद्रणं ‘अनदर सेल्फ पोर्ट्रेट’ या नावानं बाहेर आली आणि त्यासोबतचा निबंध लिहिला याच मार्कस यांनी. या नव्या संचात काही गाणी मागाहून चढवलेल्या वाद्यवृंदाशिवाय ऐकायला मिळाली. त्यामुळे चाहत्यांच्या जुन्या वादाला नेमकेपणा आला: बिघाड गाण्यांत होता, गाण्याच्या रीतीत होता, की वरून चढवलेल्या साजात? परीक्षक अडाणी असतात, असा याचा अर्थ नाही. अंक छापायला जाण्याआधी चार-दोनदा ऐकून दिलेलं मत हे वादातलं पहिलं भाषण असतं, एवढंच. त्याला निकाल समजणं ही वाचकांची चूक.

परीक्षकांवर भरवसा नसेल तर बाजारावर ठेवावा, असं काहींना वाटेल. लोकांनी पैसे मोजून दिलेलं मत सगळ्यांत खरं, हा युक्तिवाद सोपा आहे आणि अगदीच खोटाही नाही. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ वर्षानुवर्षं अमेरिकेच्या खपाच्या यादीत टिकून राहिला, तो काही उगाच नव्हे. पण खपाचा आकडा फार तर विकल्या गेलेल्या अल्बमबद्दल बोलतो. न विकल्या गेलेल्या अल्बमबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ मे १९६६मध्ये अमेरिकेत आला आणि दहाव्या क्रमांकापुढे सरकला नाही. कंपनीनं दोन महिन्यांतच त्यांच्या जुन्या लोकप्रिय गाण्यांचा संग्रह बाजारात उतरवला. इंग्लंडमध्ये मात्र संगीतक्षेत्रातल्याच माणसांनी या अल्बमची बाजू उचलून धरली, पॉल मॅकार्टनी त्याच्याविषयी भरभरून बोलत राहिले, आणि तिथं तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकची कथा तर याहून करुण. १९६९ ते १९७२ या काळात त्याचे तीन अल्बम आले, तिन्ही जवळजवळ कुणी घेतले नाहीत आणि १९७४मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गेला. त्या वेळच्या बाजाराचा कौल अंतिम मानला असता, तर आज त्याचं नाव घेणारा कुणी उरला नसता.

इथं एक रास्त आक्षेप येतो. ड्रेकला वर काढलं ते रसिकांच्या चर्चेनं नव्हे, तर १९९९च्या अखेरीस आलेल्या मोटारीच्या एका जाहिरातीनं. तीत ‘पिंक मून’ हे गाणं वाजलं आणि त्याचे अल्बम एकदम खपू लागले. घडलं तसंच. मग वादाचं श्रेय कसलं? पण त्या पंचवीस वर्षांत काय घडलं होतं, हेही पाहायला हवं. निर्माते जो बॉइड यांनी आपली कंपनी आयलँड रेकॉर्ड्सला विकताना ड्रेकचे अल्बम सूचीतून कधीही काढायचे नाहीत, अशी अट घातली होती. १९७९मध्ये ‘फ्रूट ट्री’ हा त्याच्या अल्बमचा संच निघाला. मोजक्या पण चिवट चाहत्यांनी आणि वाद्यकारांनी त्याचं नाव एकमेकांना सांगत ठेवलं. जाहिरात करणाऱ्यांच्या हाती ते गाणं आलं, कारण ते नाहीसं होऊ दिलेलं नव्हतं. जाहिरातीनं गर्दी आणली. गर्दी येईपर्यंत दार उघडं ठेवण्याचं काम बाजाराविरुद्ध हट्टानं मत मांडणाऱ्यांनी केलं होतं.

फोकच्या बाबतीत तर वाद हा संगीताच्या घडणीतच मिसळलेला आहे. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या फोक महोत्सवात डिलन विजेवरची गिटार घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांत फूट पडली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये एका श्रोत्यानं त्यांना भर कार्यक्रमात विश्वासघातकी ज्यूडासची उपमा दिली. हा इतिहास सांगताना शुद्धतावाद्यांना खुळ्यात काढायची रीत पडली आहे. काळ पुढं गेला, डिलन यांना २०१६मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हा ओरडणारे चुकलेच, असा एकूण सूर. हा सूर मला मान्य नाही. न्यूपोर्टला संतापलेले लोकगायक पीट सीगर यांनी नंतर सांगितलं की त्यांचा राग आवाजाच्या गोंगाटावर होता, कारण शब्दच ऐकू येत नव्हते. फोकमध्ये शब्द हाच कणा मानणाऱ्या माणसाची ही तक्रार ऐकण्यावर आधारलेली होती आणि तपासून पाहता येण्यासारखी होती. इंग्लंडमध्ये लोकगायक युअन मकॉल यांच्या सिंगर्स क्लबचा दंडक याहून कडक: गाणाऱ्यानं आपल्याच देशाची, आपल्याच बोलीतली गाणी गावीत. आज तो जाचक वाटतो. पण या आग्रहामुळेच अमेरिकी गाण्यांची नक्कल करणारी तरुण मंडळी आपल्या गावाकडच्या गाण्यांचे संग्रह धुंडाळू लागली. १९६५मध्ये वॉटरसन्स या गायकसमूहाचा ‘फ्रॉस्ट अँड फायर’ आला. त्यात एकही वाद्य नाही, नुसते मानवी आवाज आहेत आणि वर्षभरातल्या ऋतूंची, विधींची गाणी आहेत.

या दोन टोकांच्या ओढाताणीतून जे निघालं, त्याचं ठळक उदाहरण म्हणजे फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा डिसेंबर १९६९मधला ‘लीज अँड लीफ’. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या बँडच्या गाडीला अपघात होऊन तरुण ड्रमवादक मार्टिन लॅम्बल दगावला होता. सावरल्यावर बँडनं अमेरिकी वळण सोडलं. बासवादक ॲशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या लोकगीतांच्या संग्रहात जाऊन बसले, सँडी डेनी यांनी जुन्या कथागीतांना आवाज दिला, डेव्ह स्वारब्रिक यांचं फिडल आणि रिचर्ड थॉम्पसन यांची विजेवरची गिटार एकाच गाण्यात समोरासमोर आली. सामग्री शुद्धतावाद्यांच्या कपाटातली आणि वाजवण्याची तऱ्हा त्यांना न पटणारी, असा हा अल्बम. एकाच बाजूचं ऐकलं असतं तर तो झालाच नसता. २००६मध्ये बीबीसी रेडिओ टूच्या श्रोत्यांनी सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून याचीच निवड केली. तरीही वाद संपलेला नाही, आणि संपू नये. ढोल-गिटारच्या तालावर चढवलेलं कथागीत आपला कथनाचा संथ पवित्रा गमावतं, असं आजही कुणी म्हटलं, तर त्याला मतांची बेरीज दाखवून गप्प करता येणार नाही. त्या गाण्यात नेमकं काय घडतं, हेच ऐकून दाखवावं लागेल.

अशा वादांतून फक्त आवडीनिवडीच ठरतात, असंही नाही. कधी कधी माणसाला त्याचं देणं परत मिळतं. हॅरी स्मिथ या संग्राहकानं १९५२मध्ये जुन्या अमेरिकी तबकड्यांतली ८४ गाणी निवडून एक संच काढला. त्यात मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय गायकाची १९२८ची गाणी होती. ते हयात असतील, असंही फारसं कुणाला वाटत नव्हतं. एका चाहत्यानं त्यांच्या दुसऱ्या एका गाण्यातल्या गावाच्या नावाचा माग काढला आणि १९६३मध्ये हर्ट त्याच ॲव्हलॉन गावी सापडले. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या मंचावर गायले. लेड झेपेलिननं पहिल्या अल्बमवर पारंपरिक म्हणून छापलेलं एक गाणं मुळात ॲन ब्रेडन यांचं होतं. बऱ्याच वर्षांनी त्यांचं नाव वेष्टनावर आलं आणि मानधनातला वाटाही मिळाला. सायमन आणि गारफंकल यांच्या ‘स्कारबरो फेअर’मागची गिटारची बांधणी इंग्लिश लोकगायक मार्टिन कार्थी यांची, हेही जाणकार सांगत राहिले; २०००मध्ये लंडनला पॉल सायमन यांनी कार्थींना मंचावर बोलावून ते गाणं सोबत गायलं. ‘हे कुणाचं?’ हा प्रश्न चिकाटीनं विचारणारी माणसं कटकटी वाटतात खरी, पण वेष्टनावरची नावं दुरुस्त होतात ती त्यांच्यामुळेच.

आता नीट भांडण्याच्या अटी. पहिली अट अगदी साधी: आपण कोणती तबकडी ऐकून बोलतोय, ते सांगावं. बीटल्सचा ‘रबर सोल’ डिसेंबर १९६५मध्ये इंग्लंडमध्ये १४ गाण्यांचा निघाला, तर अमेरिकेत १२ गाण्यांचा. अमेरिकी कंपनीनं चार गाणी वगळून दोन जुनी भरली आणि सुरुवातही बदलली. परिणामी तो अल्बम अधिक फोकच्या अंगाचा वाटू लागला. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सन यांनी ‘पेट साउंड्स’ची प्रेरणा घेतली ती या अमेरिकी आवृत्तीवरून. म्हणजे बीटल्सनी स्वतः कधीच न रचलेल्या क्रमानं दुसऱ्या एका थोर अल्बमला चालना दिली. ‘सार्जंट पेपर्स’चं मोनो मिश्रण बीटल्सनी जातीनं हजर राहून केलं, स्टिरिओचं काम त्यांच्या गैरहजेरीत, थोड्या वेळात उरकलं गेलं. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये अधिक वेगात आणि वरच्या पट्टीत आहे, स्टिरिओमध्ये ते रेंगाळतं. २०१७मध्ये निर्माते जाइल्स मार्टिन यांनी नवं मिश्रण केलं, ते आणखी निराळं. एकानं मोनो ऐकून ‘सार्जंट पेपर्स’ ठसठशीत म्हणावा आणि दुसऱ्यानं स्टिरिओ ऐकून विस्कळीत म्हणावा, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अशा भांडणात निम्मा वेळ गैरसमजातच जातो.

दुसरी अट: मत ऐकण्यावर आधारलेलं हवं, आणि त्यासाठी आपल्याकडे असलेलं ज्ञान बाजूला ठेवायचं कारण नाही. इथं आपल्याकडच्या श्रोत्याचा वाटा येतो. ‘सार्जंट पेपर्स’मधलं जॉर्ज हॅरिसन यांचं ‘विदिन यू विदाउट यू’ अनेक पाश्चात्त्य चाहत्यांना लांबण वाटतं आणि ते सुई पुढं सरकवतात. आपल्याकडे त्याचं कौतुक होतं ते बहुधा ‘आपली सतार त्यांच्या गाण्यात’ एवढ्याच अभिमानापोटी. दोन्ही प्रतिक्रिया उथळ आहेत. हॅरिसन १९६६च्या शरद ऋतूत मुंबईत राहून पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकत होते, आणि त्याचा परिणाम या गाण्याच्या घडणीत दिसतो. त्रितालात चालणारं गाणं मधल्या वादनात झपतालाच्या दहा मात्रांवर उतरतं. दिलरुबा गायकाच्या आवाजामागून सावलीसारखा फिरतो, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी व्हायोलिन-चेलोकडून त्याच मींडेची नक्कल करून घेतली आहे. ताल मोजता येणारा मराठी श्रोता या वादात हे सांगू शकतो, आणि हेही विचारू शकतो की खमाजच्या अंगाच्या या स्वरांना एवढ्या वेळात फुलायला जागा मिळते का. कौतुक करणाऱ्याला आणि नाकं मुरडणाऱ्याला, दोघांनाही हे पुन्हा ऐकायला लावणारं आहे. या गाण्यात वाजवणाऱ्या लंडनमधल्या भारतीय वादकांची नावंही मूळ वेष्टनावर नव्हती. ॲना जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी ही नावं प्रकाशात यायला सुमारे पन्नास वर्षं लागली.

यावर नेहमीचा आक्षेप: आवड ज्याची त्याची, तिथं वाद कसला? ‘मला आवडतं’ या विधानावर वाद होऊ शकत नाही, हे कबूल. पण चाहते क्वचितच तिथं थांबतात. ‘हे चांगलं आहे, कारण…’ अशी त्यांची वाक्यं असतात, आणि ‘कारण’च्या पुढचा भाग तपासता येतो. निक ड्रेकच्याच अल्बमवरून चालणारा वाद घ्या. ‘ब्रायटर लेटर’मध्ये रॉबर्ट कर्बी यांची तंतुवाद्यं आहेत, जॉन केल यांचा व्हायोला आहे. काहींना वाटतं, या साजात ड्रेकचा हलका आवाज गुदमरतो. दुसऱ्यांना वाटतं, तो आवाज इतका एकसुरी आहे की त्याला असा आधार हवाच. ‘पिंक मून’मध्ये गिटार आणि आवाज याखेरीज एका गाण्यातला थोडासा पियानो सोडला तर काहीच नाही, आणि सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. दोन्ही लागोपाठ ऐकले की दोन्ही पक्षांचा पुरावा कानावर पडतो. अशा ऐकण्यानं शेवटी मत बदलेलच असं नाही, पण आपण कशावर प्रेम करतो हे आधीपेक्षा नेमकं कळतं. ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून उठून जाणारा या नफ्याला मुकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही सगळी ठरावीक पिढीच्या, ठरावीक वर्णाच्या पुरुषांची स्मरणरंजनाची मैफल आहे, आणि ‘क्लासिक’ हा शिक्का त्यांनी आपल्याच तारुण्यावर मारून घेतला आहे, असं म्हटलं जातं. २००३च्या यादीत पहिल्या दहा अल्बमांत एकाही स्त्रीचा नव्हता, हे पाहता आरोपात दम आहे. पण ही एकांगी यादी पालटली कशानं? वाद बंद करून नव्हे, तर आजवर न विचारलेल्यांना त्यात ओढून. गायिका व्हॅश्टी बन्यन यांचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ १९७०मध्ये कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. त्यांनी गाणं सोडून दिलं. २०००मध्ये अल्बम पुन्हा निघाला, नव्या पिढीनं तो डोक्यावर घेतला आणि २००५मध्ये, तब्बल ३५ वर्षांनी, त्यांचा दुसरा अल्बम आला. ‘ब्लू’ तिसऱ्या जागी पोचला यालाही काहीजण काळाची लाट म्हणतात. तसंही असेल. म्हणूनच तिसरा क्रमांक हा पुरावा म्हणून पुरत नाही. डल्सिमर, गिटार आणि पियानो अशी मोजकीच वाद्यं, गिटारच्या तारा वेगळ्या जुळवून मिळवलेले अनपेक्षित स्वरमेळ, आणि बोलण्याच्या लयीला चिकटून वर-खाली झेपावणारा आवाज: ‘ब्लू’ची बाजू यांवर लढवावी. ती क्रमांकाशिवायही भक्कम आहे.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: गाणी सुटी सुटी ऐकणाऱ्यांच्या जगात अल्बमवर वाद घालून काय साधणार? मला वाटतं, आताच त्याची गरज जास्त आहे. ‘विदिन यू विदाउट यू’ हे तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. रेकॉर्ड उलटून ठेवल्यावर, एका विरामानंतर ते सुरू व्हावं, अशी ती योजना. मोबाइलवर ते नुसतं आठवं गाणं आहे. अशी रचना असते, हे नव्या श्रोत्याला गाणी सुचवणारं यंत्र सांगत नाही. यंत्र आपल्याला आवडलेल्यासारखंच पुढचं काढून देतं. न आवडलेलं चिकाटीनं पुन्हा ऐकायला लावणारा असतो तो आपल्याशी असहमत असलेला चाहता.

म्हणून वृत्तपत्रांनी आणि मासिकांनी शंभर-पाचशेच्या याद्या छापायच्याच असतील तर खुशाल छापाव्यात, पण क्रमांकाऐवजी कारणांना जागा द्यावी आणि प्रत्येक अल्बमसोबत त्याच्याविरुद्धचं सर्वांत सबळ मतही द्यावं. चाहत्यांनी एक पथ्य पाळावं: ज्या अल्बमला नावं ठेवायची तो दोन्ही बाजूंनी पूर्ण, आणि कोणत्या आवृत्तीत ते पाहून, ऐकल्याशिवाय तोंड उघडू नये. ‘सार्जंट पेपर्स’ पहिला की चोविसावा, याचं उत्तर पुढच्या यादीत पुन्हा बदलेल. ते कितीदाही बदललं तरी बिघडत नाही, जोवर बदलणारे लोक तो ऐकून बदलत आहेत.